लिओनाचं पत्रक

"तो उठत नाहीये," लिओना दारात येऊन म्हणाली.

विल्फ रेम्पल उभ्याउभ्याच पावाला प्लमचा जॅम लावत होता. घरात उठण्यासारखं तिसरं कोणी नव्हतं, त्यामुळे तो म्हणजे कॉम्प्युटर हे उघड होतं. त्याने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली आणि शिवणाच्या खोलीत जाऊन बटण दाबलं. पंखा दोन सेकंद फिरला आणि विचारात पडल्यासारखा थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"झोप झाली नसेल त्याची," विल्फ म्हणाला.

"आज गुरुवार आहे," लिओना म्हणाली. तिला विनोद कळला नव्हता असं नाही. गुरुवारी ती विनोदाला वेळ देत नसे.

गुरुवार म्हणजे पत्रक. सत्तावीस वर्षं दर गुरुवारी दुपारी लिओना चर्चचं रविवारचं पत्रक तयार करत आली होती. कोणती गीतं म्हणायची, कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ झालं, तळघरातल्या जेवणाला कोणी बटाटे आणायचे आणि कोणी आणू नयेत. एक कागद, मधोमध घडी. कॅनडात मॅनिटोबाच्या दक्षिणेकडच्या त्या मेन्नोनाइटपंथी ख्रिस्ती गावात वर्तमानपत्र नव्हतं, आणि पत्रकामुळे त्याची कोणाला उणीवही भासली नव्हती.

चार वर्षांपूर्वी विनिपेगच्या डॉक्टरने लिओनाच्या मेंदूचे फोटो पडद्यावर दाखवले होते आणि विल्फला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे चालतंय त्याला हात लावू नका. तीच खुर्ची, तोच कप, तीच वाट. आजूबाजूचं बदललं की तुमच्या पत्नी हरवतील. डॉक्टर हे फार हळुवारपणे सांगत होता. विल्फने मान हलवली. तो तीस वर्षं याच तत्त्वावर पोट भरत होता.

त्यानंतर एकेक गोष्ट गेली. आधी गाडी चालवणं गेलं, मग ओव्हन, मग फोन, मग भाच्यांची नावं. पत्रक राहिलं. लिओना खुर्चीत बसायची, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली मोठ्या अक्षरात वार आणि तारीख दिसायची ती बघायची, त्या वर्षाच्या कप्प्यात जायची, मागच्या रविवारचं पत्रक उघडायची आणि त्यात जे बदललं असेल ते बदलायची. हे तिच्या डोक्यात नसून हातात होतं, आणि हातांचे फोटो डॉक्टरने काढले नव्हते.

अडचण एवढीच की हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चालायचं तो काढणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि त्याची डिस्क विल्फने स्वतः एका उन्हाळ्यात अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, एका टोस्टरबरोबर, कोणाला तरी देऊन टाकली होती. कॉम्प्युटर वीस वर्षांचा होता. इंटरनेटला तो जोडलेला नव्हता. त्या वयात त्याला बाहेरची हवा सोसली नसती. शहरातल्या दुकानात नेला असता तर तिथल्या पोराने एका वाक्यात सांगितलं असतं की काका, सिस्टिम नवी टाकू. शहरात सगळ्याच आजारांवर हे एकच औषध होतं. नवी टाकली की प्रोग्रॅम जाणार, कप्पे जाणार, कोपऱ्यातली मोठी तारीख जाणार, आणि त्यांच्याबरोबर गुरुवार.

शिवाय ईस्टरला एक गोष्ट झाली होती. लिओनाच्या पत्रकात तीन गीतं नाताळची आली होती. चर्चची कारभारीण इर्मगार्डने ती ऐन वेळी पेनने दुरुस्त केली, पण मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. नवीन पाळक, जोएल, विनिपेगहून आलेला, म्हणाला की आजकाल हे सगळं चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवतात, कागदही वाचतो. इर्मगार्ड नंतर विल्फच्या गॅरेजमध्ये आली. तिथे एक उघडा प्रिंटर पडला होता, त्याच्याशी बोलल्यासारखं ती म्हणाली, "या वेळी मी थोपवून धरलं, विल्फ. अजून एकदा झालं तर माझ्याच्याने नाही व्हायचं." विल्फ म्हणाला, बरं. आणखी काय म्हणणार. ती बरोबर होती.

तर गुरुवार होता, सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि लिओना जेवणानंतर एक वाजता त्या खुर्चीत बसणार होती.

विल्फने पेटी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवर अजून 'रेम्पल रेडिओ आणि कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी पाटी होती. रेडिओ शेवटचा कधी आला होता ते त्याला आठवत नव्हतं, पण तेवढा शब्द पुसायला शिडी लावावी लागली असती. झाकण काढल्यावर निदान करायला तीस वर्षांचा अनुभव लागला नाही. मदरबोर्डवरचे पाच कपॅसिटर फुगून त्यांच्या डोक्यावर तपकिरी घाण आली होती. बोर्ड मेला होता. बाकी सगळं शाबूत होतं.

तसाच बोर्ड मिळणं शक्य नव्हतं. फळीवर शाळेच्या वाचनालयातून भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरचा एक होता, जरा नंतरचा, वेगळ्या बनावटीचा. आता यात एक गोम असते. जुनी सिस्टिम जुन्या बोर्डाला ओळखत असते. तिला न सांगता तिच्याखालचा बोर्ड बदलला, तर ती उठते, स्वतःच्याच डिस्ककडे जायची वाट शोधते, सापडत नाही, आणि निळा पडदा दाखवून तिथेच थांबते. म्हणून आधी तिला सांगून ठेवावं लागतं की उद्या जाग येईल ती दुसऱ्या घरात येईल, तिथे अमुक दाराने जा, ते दार सगळ्या घरांना असतं. जिवंत यंत्र असेल तर हे दोन मिनिटांचं काम. बोर्ड मेल्यावर ते बाहेरून करावं लागतं.

विल्फने हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. आधी तिची हुबेहूब नक्कल काढली. तोवर त्याने सूर्यफुलाच्या बिया फोडत दारातून समोरचं शेत पाहिलं. मे महिना होता. शेजाऱ्याचं पेरणीयंत्र धूळ उडवत जात होतं आणि येत होतं. मग त्याने डिस्कवरच्या सिस्टिमच्या पोटात त्या साध्या दाराच्या चार ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचल्या.

या कामाचा त्याला जो काही गर्व होता तो असा होता: तीस वर्षांत त्याने दीडशेवर बोर्ड बदलले असतील, आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन यंत्र सुरू केलं की त्याला काहीही झाल्याचं कळत नसे. पडद्यावरचं मांजराचं चित्र तिथेच, अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डाव तिथेच. लोक म्हणत, काय केलंस रे, काहीच तर केलं नाहीस. याहून मोठी शाबासकी त्याला माहीत नव्हती.

बोर्ड बसवला. स्क्रू, वायरी, नवी पावलीएवढी बॅटरी. पेटी शिवणाच्या खोलीत नेऊन जागेवर ठेवली, मागच्या तारा होत्या तशा लावल्या आणि बटण दाबलं, तेव्हा गावाचा बाराचा भोंगा वाजत होता.

पंखा फिरला आणि फिरत राहिला. काळ्या पडद्यावर नव्या बोर्डाने दोन ओळी दाखवल्या. विल्फला त्या दिसल्या. त्या तो आयुष्यभर बघत आला होता, आणि आयुष्यभर बघितलेली गोष्ट माणूस वाचत नाही. बोटाने आपोआप कळ दाबली. आतल्या मांडणीत जाऊन त्याने डिस्कची जुनी पद्धत निवडली आणि तसंच ठेव म्हणून सांगितलं. निळा पडदा आला नाही. सिस्टिम उठली. उठल्यावर अर्धा तास ती एकेक नवी वस्तू सापडल्याचं सांगत राहिली, आणि विल्फ सगळ्याला हो म्हणत राहिला.

शेवटी सगळं जागेवर होतं. मागे लाल कोठाराचं चित्र. कप्पे तसेच, तीन ओळींत. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात वार दिसत होता, गुरुवार. वेळ बारा पस्तीस. स्वयंपाकघरातल्या घड्याळातही बारा पस्तीसच झाले होते. विल्फने वार पाहिला, वेळ पाहिली, आणि जेवायला गेला.

जेवायला बोर्श्ट, म्हणजे कोबीचं सूप, आणि कालचे बन होते. लिओनाने आपला बन दोन भागांत फोडून वरचा त्याला दिला. ती लग्नापासून देत आली होती.

"उठला का तो?"

"उठला."

"काय झालं होतं?"

"काही नाही," विल्फ म्हणाला. ती एक वाजता खुर्चीत जाऊन बसली.

बशा विसळताना तो कान देऊन ऐकत होता. आधी काही ऐकू आलं नाही. त्या शांततेत त्याने एकच बशी तीनदा धुतली. मग माउसची टिकटिक ऐकू आली, मग कळांचा आवाज आला, सलग, नेहमीच्या लयीत, किंबहुना नेहमीपेक्षा वेगात. गेल्या वर्षभरात ती इतक्या वेगाने चाललेली त्याने ऐकली नव्हती. इर्मगार्डने फोनवर सांगितलेल्या गोष्टी त्याने चिठ्ठीवर लिहून कीबोर्डशेजारी ठेवल्या होत्या; नंतर त्या चिठ्ठीवर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं दिसलं. अडीचला प्रिंटर वाजला. लिओना कागद घेऊन आली, मधोमध घडी घातलेला. दमलेली होती, पण चेहऱ्यावर काहीतरी होतं. विल्फने त्याला नाव दिलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "या वेळी पटकन आठवलं सगळं."

त्याने पत्रक वाचलं नाही. वाचायची पद्धत नव्हती. पहिल्याच वर्षी त्याने एक स्वल्पविराम दाखवून दिला होता आणि दोन दिवस मुकाट्याने जेवला होता. आजारपणानंतर तर वाचणं म्हणजे तपासणं झालं असतं. ते काम इर्मगार्ड शुक्रवारी करायची. पण त्या आठवड्यात इर्मगार्ड नातीच्या पदवीदानाला ब्रँडनला गेली होती. चर्चच्या ऑफिसात कोणी नव्हतं. विल्फने कागद यंत्रात घातला, नव्वद प्रती काढल्या, आणि दारातल्या टेबलावर गठ्ठा ठेवून वर दगड ठेवला.

रविवारी ते नेहमीच्या बाकावर बसले, डावीकडून पाचव्या. लिओनाने निळा स्वेटर घातला होता. विल्फने पत्रक उघडलं.

वर लिहिलं होतं: रविवार, ४ जानेवारी २००९.

त्याने ते एकदा वाचलं. सगळं एकदमच कळलं, एखादी वायर कुठे सुटली हे झाकण उघडताच दिसावं तसं. नव्या बोर्डाला तारीख ठाऊक नव्हती. त्या दोन काळ्या ओळींत तो तेच सांगत होता, की मला वेळ कोणी सांगितलेली नाही. मग त्याने आपल्या मनाने मोजायला सुरुवात केली होती, त्याला जे पहिलं वर्ष माहीत होतं तिथून, पहिल्या जानेवारीपासून, बाराच्या ठोक्यापासून. तो पहिला जानेवारी नेमका गुरुवार होता. विल्फने फक्त वार पाहिला होता. लिओनाने सगळी तारीख पाहिली, २००९ मानलं, मागच्या रविवारचं म्हणजे २००८ च्या नाताळानंतरचं पत्रक उघडलं, आणि त्यात जे बदललं होतं ते बदललं.

एकही चूक नव्हती. गीतांचे क्रमांक नव्या वर्षाचे. वाचन बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन ज्ञानी माणसांचं. खाली सूचना: येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तरुण मंडळींची बर्फावरच्या घसरगाडीची सफर, रेम्पल यांच्या अंगणातून. गरम कपडे घालावेत. घोडे डेरिक रेम्पल हाकील.

डेरिक त्यांचा मुलगा. २०१० च्या मार्चमध्ये, हायवेवर बर्फ असताना, त्याची पिकअप खडीच्या ट्रकखाली गेली. तो वीस वर्षांचा होता. घोडे विल्फने त्याच उन्हाळ्यात विकले.

लिओना शेजारी बसून पत्रक गुडघ्यावर सारखं करत होती. विल्फने तिच्याकडे पाहिलं नाही. नव्वद कागद उघडल्याचा आवाज सगळ्या चर्चभर झाला, मग तो आवाज थांबला. आदल्या रात्रीच ब्रँडनहून परतलेल्या इर्मगार्डने पलीकडच्या रांगेतून मागे वळून विल्फकडे बघितलं. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. विल्फने स्वतःच्या बुटांकडे पाहायचं ठरवलं. त्याला वाटलं होतं की आत काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. आत नुसतं शांत होतं, वीज गेल्यावर घर असतं तसं.

गाणं सांगायला कॉर्नी डिक उठला. कॉर्नी त्र्याऐंशीचा, पन्नास वर्षं तोच सूर देत आला होता. त्याने चष्मा लावला, पत्रक वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चर्चमध्ये एक बाळ तेवढं बोलत होतं.

"पत्रकातलं पहिलं गीत," कॉर्नी म्हणाला. "लिहिलंय तसं."

आणि अठरा मेला, निम्मी पेरणी उरकलेली असताना, खिडक्यांतून धूळ येत असताना, मंडळीने चार सुरांत नव्या वर्षाचं स्वागत केलं. मेन्नोनाइट माणूस कशावरूनही भांडेल, पण एकदा सूर दिला की चुकीच्या महिन्यातही बरोबर गातो. लिओना न बघता गात होती. तिला तिन्ही कडवी पाठ होती.

मग पाळक जोएल प्रार्थनेला उभा राहिला. तो गावात दोनच वर्षं होता. आजाऱ्यांच्या यादीत सात नावं होती, आणि त्यातली बहुतेक आपल्याला ठाऊक नाहीत याची त्याला लाज वाटत असावी, कारण त्याने ती फार आस्थेने वाचली. पीट हिल्डेब्रांट, त्यांच्या फुप्फुसांसाठी. अग्नेस वीब, पडल्यामुळे. हेन्री क्लासन. एकेक नाव तो सावकाश उच्चारत होता आणि प्रत्येक नावापाशी थांबत होता. सातांपैकी सहाजण चर्चच्या मागेच, लिलाकच्या झुडपांपलीकडे, ओळीने पुरलेले होते आणि त्यांना बरं होण्याची आता गरज नव्हती. कोणी खाकरलं नाही. शेवटी सगळे आमेन म्हणाले, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले.

तळघरात कॉफी होती. विल्फ कप घेऊन भिंतीला टेकला. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. न बघण्यासाठी सगळ्यांना बरीच मेहनत घ्यावी लागत होती. लिओना पलीकडे बायकांत बसली होती, आणि कोणीतरी तिच्या बशीत रूबार्बच्या केकचा तुकडा ठेवत होतं.

आधी शेजारचा जेक आला, धुळीने डोळे लाल झालेला. शेजारी उभा राहून त्याने कॉफी ढवळली.

"शुक्रवारचं काय ते ठरवून टाकू," तो म्हणाला. "बर्फ तू आणतोस की मी आणू?"

"गाडी माझी," विल्फ म्हणाला. "बर्फ तुझा."

"बरं," जेक म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

मग टीना हिल्डेब्रांट आली, काठी टेकत. नव्वदी ओलांडलेली. गावातला प्रत्येक जण तिला टांटे, म्हणजे मावशीच, म्हणायचा. पीट तिचा नवरा. तिने पर्समध्ये पत्रक ठेवलं होतं, घडीवर घडी घालून.

"टांटे टीना, माझी चूक झाली," विल्फ म्हणाला. "लिओनाची नाही. घड्याळ लावायचं राहिलं माझ्याकडून."

तिने ते ऐकलं की नाही कळलं नाही.

"तो गेल्यापासून त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं इथे," ती म्हणाली. "म्हणजे मोठ्याने. गेलेल्यांचं नाव प्रार्थनेत घेत नाहीत ना. नियम आहे." तिने पर्स बंद केली. "त्या पोराने बरं घेतलं. फुप्फुसांसकट."

इर्मगार्ड सर्वांत शेवटी आली, कपबशा गोळा करत. त्याच्या हातातला कप तिने घेतला. अजून अर्धा भरलेला होता.

विल्फने तिची चिठ्ठी कपाखाली राहिल्याचंही सांगून टाकलं, आणि पडद्याचं मंडळाला कळवायचं असेल तर ती कळवू शकते, तो काही बोलणार नाही.

"पडद्याला छतात वायर टाकावी लागते म्हणे," इर्मगार्ड म्हणाली. "सुगीच्या दिवसांत कोण चढतंय छतावर. बघू." तिने कप ट्रेमध्ये ठेवला. "बुधवारी फोन करते तुला, नेहमीसारखा. चिठ्ठी तिच्या समोर ठेव. कपाखाली नको."

सुगीला अजून तीन महिने होते. विल्फने ते बोलून दाखवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी चीज आणि बन खाल्ले. लिओना आडवी झाली. रविवारी दुपारी सगळं गाव आडवं होतं, पेरणीसुद्धा थांबते. विल्फ शिवणाच्या खोलीत गेला आणि त्याने कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यात रविवार होता. वार बरोबर होता. खाली ४ जानेवारी २००९.

तो त्या तारखेकडे थोडा वेळ पाहत बसला. तशीच ठेवली असती तर पुढच्या गुरुवारी लिओनाने अकरा जानेवारी केली असती, मग अठरा, न चुकता, न अडखळता. एक वर्ष दोन महिने गेले असते. मग मार्च आला असता.

त्याने तारखेची खिडकी उघडली. वर्षाच्या शेजारी एक छोटा बाण होता, एकदा दाबला की एक वर्ष पुढे. आकडा सरळ लिहिताही आला असता. त्याने बाण दाबला. २०१०. थांबला नाही. ११, १२. त्यात पीट गेला होता. १३, १४, १५, टिक, टिक. शाळा बंद पडली ते वर्ष, गॅरेजचं छत बदललं ते वर्ष, ज्यात काहीच झालं नव्हतं अशी तीन वर्षं. २१, डॉक्टरचं. सोळा वेळा दाबून तो २०२५ ला पोचला. मग महिना बदलला, दिवस बदलला.

"कोण आलंय?" आतून लिओनाने झोपेतच विचारलं.

"कोणी नाही."

"टिकटिक कसली?"

"घड्याळ लावतोय."

ती पुन्हा झोपली. विल्फने 'ठीक' दाबलं. पडद्यावर काही हललं नाही. लाल कोठार तिथेच, कप्पे तिथेच, तीन ओळींत. कोणी येऊन पाहिलं असतं तर काही झालं होतं हे त्याला सांगता आलं नसतं. विल्फने माउस होता तसा ठेवला, खुर्ची तिच्या मापाने आत सरकवली आणि दार हळूच ओढून घेतलं.